सातव्या पानावरची सही

देवाने माणसाला दोन डोळे दिले ते जग बघायला. नमुनासाहेबांना मात्र ते सह्या बघायला दिले होते. बँकेत चौतीस वर्षे एकच टेबल, एकच काचेची खिडकी आणि खातेदारांच्या सह्यांचे नमुने ठेवलेले एकच लोखंडी कपाट. चेक समोर आला की नमुन्याचे कार्ड काढायचे, भिंग लावायचे, कोपऱ्यात पेन्सिलीने 'जुळते' किंवा 'जुळत नाही' असा शेरा मारायचा आणि खाली आपली आद्याक्षरे ओढायची. नमुने सांभाळतात म्हणून बँकेत सगळे त्यांना नमुनासाहेब म्हणत. म्हणणाऱ्यांच्या मनात आणखीही काही असे, पण साहेबांनी ते कधी मनाला लावून घेतले नाही. चौतीस वर्षांत एकही खोटी सही त्यांच्या हातून सुटली नव्हती. किती खऱ्या सह्या त्यांनी परत पाठवल्या, हे कुणी विचारले नव्हते आणि त्यांनाही कधी सुचले नव्हते.

अशा माणसाच्या पदरात देवाने बहीण टाकली ती सह्या गोळा करणारी. देवाला विनोद कळत नाही असे जे म्हणतात, त्यांनी हे घर बघितलेले नाही.

ताई त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा ताईने शिलाई मशीन पुढे ओढले आणि शाळेचे गणवेश शिवून धाकट्या भावाला वाढवले, शिकवले, बँकेत चिकटवले. स्वतःचे लग्न राहून गेले. कुणी विचारलेच तर म्हणायची, "लोकांची मापं घेता घेता माझं माप घ्यायला कुणाला सवड झाली नाही बघा." आणि खळखळून हसायची. तिचा शौक एकच. एका आडबाजूच्या रेल्वे स्टेशनावर घडणारी मालिका टीव्हीवर अकरा वर्षे चालली होती. दर आठवड्याला त्या अर्ध्या तासात मशीन थांबे. मालिका संपल्यावर ताईने एक पातळ पानांची वही केली आणि पत्ते शोधून ती एकेका नटाला टपालाने पाठवली. तिकीटवाली, हमाल, चहावाला, पोस्टमन, आंधळा गाणारा आणि रोज चुकीच्या गाडीत बसणारी म्हातारी, अशा सहा सह्या आल्या. सातवे पान स्टेशनमास्तरांचे. तिथून वही दोनदा कोरीच परत आली.

आता ताईचे यकृत निकामी झाले होते. डॉक्टर म्हणाले, "महिने मोजू नका, आठवडे मोजा." हे ते दाराबाहेर म्हणाले, पण दार पातळ होते.

"धाकट्या," त्या दिवशी ताई म्हणाली, "मला औषधाचा कंटाळा आलाय. पण ते सातवं पान भरलं असतं ना, तर बरं झालं असतं रे."

चौतीस वर्षांत ताईने भावाकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. नमुनासाहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि सही तपासावी तसा पडदा बघत राहिले.

त्याच आठवड्यात त्यांच्या बायकोने पेपरात जाहिरात वाचली. शहराबाहेरच्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये जुन्या मालिकांतल्या कलावंतांचा स्वाक्षरी मेळावा होता. शनिवार-रविवार, दहा टेबले, दहा कलावंत. टेबल क्रमांक चार : स्टेशनमास्तर.

"देवच पावला," बायको म्हणाली. "तुम्ही फक्त जाऊन सही घेऊन या. त्यात काय आहे?"

त्यात काय आहे, असे म्हटले की त्यात सगळे येते, हे लग्नाला सत्तावीस वर्षे होऊनही तिला कळले नव्हते.

प्रवेशाचा अर्ज मोबाइलवर भरायचा होता. त्यात नाव, वय, आवडते पात्र, टी-शर्टचे माप आणि 'तुमची उत्सुकता एक ते दहा यांत मोजा' असे रकाने होते. वहीवर 'ताईस' असे लिहून हवे, म्हणून अर्ज ताईच्या नावाने.

"ताई, तुझी उत्सुकता किती?" साहेबांनी पलंगाजवळ जाऊन विचारले.

"कशाची?"

"एकूणच."

"साडेसात लिही. दहा लिहिलं तर हावरट दिसतं."

प्रवेशाचा बिल्ला आला. त्याखाली बारीक अक्षरांत नियम होता की बिल्लाधारकाने स्वतः हजर राहावे, दुसऱ्यासाठी सही मिळणार नाही. नमुनासाहेब हसले. बँकेतल्या माणसाला कसला नियम दाखवता? त्यांनी अधिकारपत्र तयार केले. 'मी खाली सही करणार, आजारपणामुळे' अशी सुरुवात, दोन साक्षीदार, डॉक्टरांचा दाखला, तीन साक्षांकित प्रती. त्यांचे फोटो काढून मेळाव्याच्या नंबरावर पाठवले. दोन मिनिटांत उत्तर आले : 'धन्यवाद! तुमच्याइतकेच आम्हीही उत्सुक आहोत!' मागे फुगे उडत होते. साहेबांनी ते उत्तर तीनदा वाचले. त्यावर कुणाचीही सही नव्हती.

मग शेजारी आले. माणूस आजारी पडला की शेजारी एक-एक करून येतात, आणि काम अडले की सगळे मिळून येतात. शेजारचे हेडसर म्हणाले, "वहिनींना ताईंची साडी नेसवून ताई म्हणून पाठवा. मी परीक्षांना पंचवीस वर्षं देखरेख केलीय. कुणी तोंड बघत नाही." वरच्या मजल्यावरचा कंपाउंडर म्हणाला, "मी सांगू का, तुम्हीच सही करा. तुमच्याइतक्या सह्या बघितलेला माणूस आहे का गावात? त्यांना काय कळणार?"

नमुनासाहेबांचा चेहरा असा झाला, की कंपाउंडरने हातातला कप खाली ठेवला.

"माझ्या घरात," साहेब म्हणाले, "खोटी सही येणार नाही."

"मग मला न्या," आतून ताईचा आवाज आला. "बिल्ला माझा आहे ना? बिल्ला म्हणतोय स्वतः या. मी येते."

डॉक्टर नको म्हणाले. बायको नको म्हणाली. ताई म्हणाली, "नेणार नसाल तर चालत जाते. जिन्यापर्यंत पोचले तरी तुम्हाला उचलावंच लागेल." गाडीचा बंदोबस्त कंपाउंडरने अंगावर घेतला. आडवे झोपवून नेता येईल अशी गाडी हवी होती, आणि रविवारी रुग्णवाहिका मोकळी नव्हती. "माझा दोस्त आहे एक. त्याची गाडी लांब आहे, गादी आहे, पंखासुद्धा आहे. काळजी सोडा."

रविवारी सकाळी दारात शववाहिका उभी राहिली.

काळी, चकचकीत, दोन्ही बाजूंना पांढऱ्या अक्षरांत 'शांतपणे जाऊ द्या' असे लिहिलेली. नमुनासाहेबांना आधी शब्द फुटेना, आणि फुटले ते लिहिण्यासारखे नव्हते. कंपाउंडर कळवळून म्हणाला, "अहो, गादी बघा ना एकदा!"

खुर्चीत बसवून खाली आणलेल्या ताईने गाडीकडे पुढून मागून बघितले. गणवेशाचे कापड बघावे तसे.

"चांगली आहे की," ती म्हणाली. "एकदा बसायचंच आहे हिच्यात. आज निदान उशी कुठं हवी ते सांगता तरी येईल."

रस्त्याने जाताना गाड्या बाजूला होत होत्या. पायी चालणारे थांबत, टोप्या काढत, मान खाली घालत. ताई काचेतून एकेकाला हात हलवून उत्तर देत होती. एक सायकलवाला तो हात बघून थेट दिव्याच्या खांबावर गेला. "दादा, लागलं का हो?" असे ताई आतून विचारत होती, तोवर त्याने मागे वळून न बघता सायकल तिथेच टाकली आणि पळ काढला. नमुनासाहेब ड्रायव्हरशेजारी बसून गुडघ्यांकडे बघत होते. आपली अब्रू चालती गाडी सोडून मागे कुठेतरी उतरली, असे त्यांना वाटत होते.

हॉलच्या फाटकावर पहारेकरी आडवा आला. "इथं बॉडी आणायला परवानगी नाही."

मागचे दार आतून ठोठावले गेले. "अहो, उघडा की लवकर. उकडतंय."

पहारेकऱ्याच्या तोंडातली शिट्टी खाली पडली. त्याने फाटक उघडले आणि बिल्ला बघायचे धाडस काही केले नाही. ज्या बिल्ल्यासाठी एवढे रामायण घडले, तो त्या दिवशी शेवटपर्यंत कुणीही बघितला नाही.

आत माणसांचा समुद्र होता. आवडत्या पात्रांसारखे कपडे घालून यायची त्या मेळाव्यात पद्धत. राजे होते, परग्रहावरचे प्राणी होते, पंख लावलेल्या बाया स्वच्छतागृहाच्या रांगेत आडव्या उभ्या होत्या. काळ्या कपड्यांवर हाडांचा सापळा रंगवलेला एक तरुण ताईच्या चाकाच्या खुर्चीसमोर येऊन थबकला. पिवळे डोळे, आत गेलेले गाल, कातडीतून दिसणारी मनगटे. तो डोळे विस्फारून बघत राहिला.

"आजी! काय जबरदस्त मेकअप आहे! किती वेळ लागला?"

"सहा महिने," ताई म्हणाली.

बायकोने पदर तोंडाला लावला. हसू की रडू, ते साहेबांना कळले नाही. तिलाही कळले नसावे. थोड्या वेळाने मेळाव्याच्या व्यवस्थेतले निळ्या टी-शर्टातले दोघे आले आणि त्यांनी ताईच्या छातीवर एक फीत लावली. वेशभूषा स्पर्धा, दुसरा क्रमांक.

"पहिला कुणाला?" ताईने विचारले.

"त्या सापळ्याला."

"बरोबर आहे. माझ्या थोडा पुढं आहे तो."

टेबल क्रमांक चारची रांग मोठी होती. स्टेशनमास्तर दुधी काचेच्या आडोशामागे बसले होते, आणि काचेत हातभर रुंदीची खिडकी. चाहत्यांनी गळ्यात पडू नये म्हणून ही सोय, असे पाटीवर लिहिले होते. खिडकीतून त्यांचा चेहरा दिसे. पिकलेला, एका बाजूने किंचित ओघळलेला, पण डोळे तेच. आपण नाव सांगायचे आणि वही आत द्यायची. शेजारी उभी असलेली त्यांची सून ती घेऊन त्यांच्यापुढे वाके, आणि क्षणभराने सही झालेली वही बाहेर येई. त्यांच्या डोक्यावर त्यांचा तरुणपणीचा फोटो लावलेला मोठा फलक होता, आणि त्यावर आडवी, दोन हात लांबीची त्यांची जुनी सही.

पाऊण तासाने ताईचा नंबर आला. तिने खिडकीच्या कडेला धरून थोडे वर उठायचा प्रयत्न केला.

"अकरा वर्षं," ती म्हणाली. तिने वही पुढे सरकवली. "मी मशीन बंद ठेवायची हो."

स्टेशनमास्तरांनी मान हलवली, बराच वेळ हलवली. वही आत गेली. आतून सुनेचा हळू आवाज आला, "ताईस. हो बाबा, ई दीर्घच." वही बाहेर आली. सातव्या पानावर निळ्या शाईत 'ताईस', आणि खाली सही.

ताईने ती वही दोन्ही हातांनी छातीशी धरली. फितीच्या वर. गेले सहा महिने त्या चेहऱ्यावर दुखण्याशिवाय काही उमटले नव्हते. आता तिथे, देवापुढचा दिवा सारखा केल्यावर येते, तशी कळा आली. बायको म्हणाली, "चला, आता घरी."

इथे माणसाने घरी जावे. बरं का, इथेच जावे. आयुष्यात देव अशी एखादीच घटका देतो आणि आपल्याला तिच्यात नुसते गप्प राहायचे असते. पण चौतीस वर्षांची सवय गप्प राहू देत नाही.

"शाई सुकली का बघू," म्हणत नमुनासाहेबांनी वही घेतली. मग त्यांची नजर सहीवर पडली. मग फलकावर गेली. पुन्हा सहीवर आली. हात आपोआप खिशात गेला आणि भिंग बाहेर आले. फलकावरच्या सहीची शेपटी एका झटक्यात मागे वळून सगळ्या अक्षरांखालून पळत गेली होती. वहीतली शेपटी सावकाश काढलेली होती, आणि मध्ये दोनदा पेन उचलले होते. साहेबांनी कानावरची पेन्सिल घेतली, पानाच्या कोपऱ्यात शेरा लिहिला, आद्याक्षरे ओढली आणि काचेपलीकडच्या गिऱ्हाइकाला ऐकू जावे अशा सवयीच्या आवाजात म्हणाले,

"जुळत नाही."

मागचा जाड माणूस म्हणाला, "काय जुळत नाही?"

"सही. ही यांची सही नाही."

"तुम्हाला काय कळतंय?"

नमुनासाहेबांनी आपण कोण ते सांगितले. एवढेच केले. पण रांगेतून कुजबुज मागे गेली, जाता जाता वाढली, आणि टोकाला पोचली तेव्हा साहेब सरकारी हस्ताक्षरतज्ज्ञ झाले होते. "माझी बघा हो," म्हणत जाड माणसाने आपला फोटो पुढे केला. साहेबांनी बघितला. जुळत नाही. "माझी?" जुळत नाही. कुणीतरी खुर्ची आणली, कुणीतरी टेबल. टेबल क्रमांक चारची रांग हलली, वळली आणि नमुनासाहेबांपुढे येऊन उभी राहिली. सकाळी सह्या घेऊन गेलेलेही परत आले. साहेब भिंग लावत होते, शेरा मारत होते. पंख लावलेली बाई म्हणाली, "काय नजर आहे हो तुमची!" बँकेत असे कुणी कधी म्हटले नव्हते. बँकेत लोक खिडकीतून हात घालून चेक ओढून घेत आणि जाता जाता पुटपुटत. साहेबांची मान ताठ झाली. शेरा जरा मोठ्या अक्षरात पडू लागला.

मेळाव्याच्या व्यवस्थेतली निळ्या टी-शर्टातली एक मुलगी धावत आली. लेखी तक्रार द्या, म्हणाली. नमुनासाहेबांनी तीन प्रतींत दिली आणि खाली आपली सही केली. लपेटदार, एका दमात, छापल्यासारखी. पाच मिनिटांत लाउडस्पीकर खरखरला : "टेबल क्रमांक चारवरील सह्या बनावट असल्याचे आढळून आले आहे. ते टेबल बंद करण्यात येत आहे. कलावंताचे नाव यादीतून काढण्यात आले आहे."

टाळ्या पडल्या. नमुनासाहेबांसाठी. ते उठून उभे राहिले, थोडे वाकले, आणि ताईला हे दिसावे म्हणून मागे वळले.

ताई तिथे नव्हती.

ती काचेच्या आडोशामागे होती. बायकोने तिला तिथे ढकलत नेले होते. साहेब आत गेले. स्टेशनमास्तर खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर होता, कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. इस्त्रीच्या शर्टाची बाही त्या हातावर नीट गुंडीपर्यंत लावलेली. ताई त्यांच्या समोर बसली होती. भिंतीशी उभी असलेली सून डोळे पुसत होती.

"मागच्या वर्षी झटका आला यांना," ती साहेबांना म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होते. "उजवी बाजू गेली. वर्षभर भिंतीकडे तोंड करून बसायचे. इथलं बोलावणं आलं तेव्हा पहिल्यांदा बोलले. शर्टाला इस्त्री कर, म्हणाले. सही मी करते हो, लपवून करते, चुकलंच आमचं. पण एकेक नाव ते विचारतात. नाव नीट लिही, म्हणतात. माणूस लांबून आलेला असतो, म्हणतात."

"मला... मला काय माहीत," नमुनासाहेब म्हणाले. "ताई, सही जुळत नव्हती गं."

"सही जुळत नव्हती," ताई म्हणाली. "आणि समोर बसलेला माणूस? तो दुसरा कुणी होता का रे?"

साहेबांनी हातातले भिंग खिशात टाकले.

"तुला मी बोट धरून शाळेत नेलं. कुणाचं उणं असं भर बाजारात काढायला शिकवलं नव्हतं. जा. ते लाउडस्पीकरवरचं परत घ्यायला लाव. ते झाल्याशिवाय मी इथनं हलत नाही. आणि माझ्याकडं वेळ थोडा आहे, तेवढं लक्षात ठेव."

नमुनासाहेब धावले. निळ्या टी-शर्टातल्या मुलीने छापील अर्ज काढून दिला. तक्रार मागे घेत आहे, कारण, सही. त्यांनी कारणापुढे 'माझी चूक' लिहिले आणि सही केली. मुलीने अर्ज तक्रारीशेजारी ठेवला आणि दोन्हींकडे बघितले.

"सर, जुळत नाही."

"काय?"

"सही. तक्रारीवरची वेगळी आहे. ही बघा, ही थरथरलीय. शेपूट कुठं गेली हिची?"

"अगं, मीच आहे! पंधरा मिनिटांपूर्वी तुझ्यासमोर केली!"

"तोंड नाही ना सर बघता येत, सही बघावी लागते. पुन्हा करा. घरी करता तशी करा ना, सावकाश."

त्यांनी पुन्हा केली. सावकाश केली तर काढल्यासारखी दिसली. झटक्यात केली तर पेन घसरले. तिसऱ्यांदा मनगट डाव्या हाताने दाबून धरले. चौथ्यांदा आपल्या नावातले दुसरे अक्षर कसे सुरू होते तेच आठवेना. कपाळावरचा घाम अर्जावर पडला आणि पाचवी सही पसरली. त्यांना बँकेतला एक पेन्शनर आठवला. लोकरीची टोपी, हातात काठी. चार वेळा त्याला खिडकीवरून परत पाठवला होता. 'घरी करता तशी करा हो आजोबा,' असे ते त्याला म्हणाले होते. तो म्हणाला होता, 'साहेब, हात माझाच आहे हो, पण आता ऐकत नाही.' पाचव्यांदा तो आला नाही. का आला नाही, हे बघायचे त्यांच्या कामात बसत नव्हते.

"ओळखपत्र घेऊन सोमवारी ऑफिसात या," मुलगी म्हणाली. ती वाईट नव्हती. नियमाप्रमाणे चालली होती.

"सोमवारी मेळावा कुठं आहे?"

"नाहीच आहे ना, सर."

साहेब लाउडस्पीकरच्या खोलीकडे गेले. तिथून त्यांना बाहेर काढण्यात आले. मग ते माणसांत शिरले. जाड माणसाचा दंड धरून म्हणाले, "जुळते हो. माझं चुकलं. सही त्यांचीच समजा." जाड माणूस त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाला, "तुम्हाला मॅनेज केलं वाटतं?" पंखवाल्या बाईने आपला फोटो फाडून टाकला होता. "आधी एक बोलता, मग दुसरं! तुमच्यासारख्यांमुळंच फसवणूक चालते." नमुनासाहेब एकेकापुढे हात जोडत होते. तासापूर्वी एका शब्दावर विश्वास ठेवणारी तीच माणसे आता शंभर शब्दांवर ठेवेनात. शेवटी ते परत आले, काचेच्या आडोशाला टेकले, आणि पन्नाशी उलटलेला माणूस रडतो तसे, आवाज न करता, नाक पुसत उभे राहिले.

"काय झालं?" ताईने विचारले.

"माझी सही जुळत नाही म्हणाले."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. एरवी अशा गोष्टीवर ती पोट धरून हसली असती. आज तिने फक्त हात पुढे केला. "वही दे."

सातवे पान उघडून तिने ते स्टेशनमास्तरांपुढे धरले. 'ताईस', खाली सुनेने काढलेली सही, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने 'जुळत नाही' आणि आद्याक्षरे. नमुनासाहेबांनी खिशातून खोडरबर काढले. ताईने त्यांचा हात बाजूला केला. "पान पातळ आहे. भोक पडेल."

स्टेशनमास्तरांनी तो शेरा वाचला. मग डावा हात उचलून सुनेकडे पेन मागितले. तिने दिले; बोटांत नीट बसवायला गेली तर त्यांनी मान हलवून नाही म्हटले. पेन मुठीत धरून त्यांनी ते पानावर टेकवले आणि शेऱ्यावरून रेघ ओढायला सुरुवात केली. रेघ निघाली, थांबली. पुन्हा निघाली. वाकडी झाली, खाली घसरली, आद्याक्षरांना जाऊन लागली. बाहेर टेबले उचलल्याचे आवाज येत होते. ताईने एका हाताने वही आणि दुसऱ्या हाताने त्यांचा निर्जीव उजवा हात धरला होता. रेघ संपली तेव्हा स्टेशनमास्तरांना धाप लागली होती. घशातून ओढून काढल्यासारखे ते म्हणाले,

"ही... माझी."

त्यांना पुन्हा कुठल्या मेळाव्याचे बोलावणे आले नाही. नमुनासाहेबांनी सोमवारी, मंगळवारी आणि नंतरही त्या ऑफिसात खेटे घातले. अर्ज घेतला गेला, नोंदला गेला, आणि पुढे काही झाले नाही. त्यांनी स्टेशनमास्तरांच्या घरी पत्र लिहिले. उत्तर आले नाही. ते आपण मागूही नये, एवढे त्यांना आता कळत होते.

ताई त्यानंतर तीन आठवडे होती. डोळ्यांपुढे अक्षरे ठरेनात, म्हणून रोज बँकेतून आल्यावर भावाने पलंगाशी बसून सातवे पान वाचून दाखवायचे, असा तिने नेम लावला होता.

"ताईस," ते वाचत. "खाली सही."

"आणि कोपऱ्यात?"

"माझा शेरा."

"आणि त्याच्यावर?"

"रेघ."

"कुणाची?"

"त्यांची."

"जुळते का रे?"

पहिल्या दिवशी नमुनासाहेब अडखळले होते. मग म्हणाले होते, "हिचा दुसरा नमुनाच कुठं नाही, ताई. एकच आहे. जुळवायची कशाशी?" ताईने डोळे मिटून "हं" म्हटले होते. त्या "हं"मध्ये त्यांना क्षमा ऐकू आली की नाही, ते त्यांनी कुणाला सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारले, आणि रोजच विचारत राहिली.

एका बुधवारी त्यांनी वाचले, "ताईस. खाली सही." आणि थांबले. ताईचा श्वास चालू होता, पण लांबून आल्यासारखा. तिने काही विचारले नाही. बायको दारात येऊन उभी राहिली होती.

नमुनासाहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि आपणहूनच पुढे वाचले.

"कोपऱ्यात माझा शेरा," ते म्हणाले. "त्याच्यावर रेघ, ताई."